टाचेवर चालणारे मशीन

मंदी आली की आधी विद्वान बोलू लागतात आणि शेवटी कॉलरी उलटू लागतात. त्या वर्षी विद्वानांचे म्हणणे असे पडले की, लोक हात आखडून बसल्यामुळे कारखाने बंद पडत आहेत, सबब प्रत्येकाने सढळ हाताने खर्च करावा. कारखाने बंद पडल्यामुळे ज्यांच्या हातात आखडण्याजोगेही काही उरले नव्हते, त्यांनी हा उपदेश, तो ज्या वर्तमानपत्रात छापून आला होता त्यातच कांदे बांधून, घरी नेला.

कॉलर उलटवणे ही काय भानगड आहे, हे सुबत्तेत वाढलेल्या वाचकाला सांगितले पाहिजे. शर्ट मरतो तो मानेपाशी. अंगाचे कापड धडधाकट असते. पण कॉलरच्या घडीवर रोज मान घासून तिथे आधी पांढुरकी रेघ उमटते, मग दशा लोंबू लागतात, आणि सभ्य माणूस त्या शर्टाचे फरशीपुसणे करतो. वास्तविक ती कॉलर अलगद उसवून, पलटून, पुन्हा त्याच जागी बसवली की झिजलेली बाजू आतल्या अंधारात जाते आणि शर्ट नव्याने तोंड वर करून हिंडू लागतो. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

या विद्येत जिचा हात धरणारे कोणी नव्हते, ती बाई शर्टांच्या एका कारखान्यात कॉलरी बसवण्याचे काम करी. सगळे तिला कॉलरकाकू म्हणत. एके सकाळी त्या कामावर गेल्या तेव्हा फाटकाला कुलूप होते आणि कुलुपाशेजारी एक कागद चिकटवलेला होता. त्यात 'अपरिहार्य', 'खेदपूर्वक' आणि 'पुनर्रचना' हे शब्द होते, आणि माणसांचा उल्लेख कोठेही नव्हता. त्याच कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा मिस्त्री हा काकूंचा नवरा, त्यामुळे एकाच कागदाने घरातल्या दोन्ही चुली विझवल्या. मालकांनी यात केवढी काटकसर साधली, हे त्यांच्या लक्षातही आले नसेल.

पण काकू रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरोघरच्या झिजलेल्या कॉलरी त्यांच्याकडे येऊ लागल्या. न्हावी कॉलरींच्या बदल्यात मिस्त्रीचे केस कापून देई, बेकरीवाला आदल्या दिवशीचे पाव देई, आणि डॉक्टरीणबाई, ज्यांच्याकडे एरवी जायला छाती होत नसे, त्या आपल्या यजमानांचे शर्ट घेऊन स्वतः जिना चढून येत. अडचण एकच होती. घरी मशीन नव्हते. काकू हाताने टाके घालीत, बोटांची चाळण झाली होती, आणि न्हाणीघरातल्या टबात शर्टांचा ढीग वर वर चढत होता. हाताने एक शर्ट व्हायच्या आत दारात दोन येत. गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? दोन गल्ल्या सोडून एका शिंप्याने 'कॉलर उलटून मिळेल' अशी पाटी लावलीही होती.

घरात तिसरे माणूस होते: मिस्त्रीची थोरली बहीण. काकू तिला वन्सं म्हणत, म्हणून सगळी गल्लीच वन्सं म्हणे. काटकसर ही इतरांची नाइलाजाची गोष्ट, वन्संची ती शिकार होती. चेपलेले डबे, चिठ्ठी सुटलेले डबे, बाजूला काढलेले एकुलते मोजे, कडा जळालेली बिस्किटे, या सगळ्यांच्या जागा आणि वेळा त्यांना पाठ होत्या. साखरेच्या गोळ्यांच्या कारखान्यामागच्या खिडकीत फुटक्या गोळ्या निम्म्याहून कमी भावात मिळत. चव तीच, आकार तेवढा अपमानित. वन्संच्या पिशवीत त्या कायम असत.

भाजीबाजार उठायच्या सुमाराला, जेव्हा विकणाऱ्याला उरलेला माल वाहून न्यायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा हे तिघे घराबाहेर पडत. वन्संनी प्रत्येकाला भूमिका नेमून दिली होती. काकूंनी वस्तू हातात घेऊन मोहात पडायचे. वन्संनी तिच्यात खोड काढायची. आणि मिस्त्रीने थोडे पुढे जाऊन मनगटाकडे पाहत, तिथे आता घड्याळ उरले नव्हते तरी, "चला आता" एवढेच म्हणायचे. ही भूमिका त्याला मिळाली, कारण तिच्यात खोटे बोलावे लागत नसे. मिस्त्रीला खोटे बोलता येत नव्हते. हा सद्गुण नव्हे. एखाद्याला शीळ घालता येत नाही, तसे ते होते.

तरीही एकदा भोपळ्याच्या प्रकरणात घात झालाच.

"आतून गेलाय हा," भोपळ्यावर टिचक्या मारीत वन्सं म्हणाल्या. "ऐक, कसा बद्द वाजतोय."

"पण वन्सं, रंग बघा ना किती सुरेख."

"रंगाला काय चाटायचंय? ए बाई, निम्म्यात देत असशील तर बोल, नाहीतर आम्ही निघालो."

"चला आता," मिस्त्री लांबून म्हणाला.

भाजीवाली वैतागून त्याच्याकडेच वळली. "दादा, तुम्ही पुरुषमाणूस आहात, तुम्ही सांगा. खराब आहे हा भोपळा?"

मिस्त्री परत आला. त्याने भोपळा दोन्ही हातांत घेतला, कानाशी नेला, मोटारीचा आवाज ऐकावा तसा ऐकला. "छे हो," तो म्हणाला, "एक नंबर आहे. याला पुरा भाव द्यायला पाहिजे."

वन्संनी पुरा भाव दिला. भोपळा चवीलाही उत्तम निघाला. जेवताना वन्संनी तो मिस्त्रीला सर्वांत शेवटी वाढला.

अशा घरात ती बातमी आली: कारखान्यातल्या सामानाचा लिलाव होणार होता.

काकूंचा पाव हातातच राहिला. "माझं मशीन," त्या म्हणाल्या.

कोणतेही मशीन चालले असते, असे वाचकाला वाटेल. ते तसे नव्हते. काकूंचा उजवा घोटा लहानपणी मोडला होता आणि बसवणाऱ्याने तो घाईत बसवला होता. त्या पायाचा चवडा खाली दाबला जात नसे. कारखान्यातल्या मशीनला चवड्याने दाबले की ते पळते आणि टाच टेकली की थांबते. तेव्हा नव्याने कामाला लागलेल्या, अजून काकू न झालेल्या त्या मुलीला मशीन पळवता येईना, आणि मुकादमाने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. जेवणाच्या सुटीत तेव्हाचा तरुण मिस्त्री कोणाला न विचारता तिच्या मेजाखाली शिरला, पायाने दाबायच्या पायट्यापासून मोटारीकडे जाणारी सळई त्याने काढली, आणि उलट्या बाजूने जोडली. आता टाच दाबली की मशीन पळे आणि चवडा दाबला की थांबे. बाहेर येऊन तो एवढेच म्हणाला, "बघा बरं." तिने पाहिले, आणि त्यालाही पाहिले. पुढचे सगळे रीतसर झाले.

या गोष्टीला इतका काळ लोटला होता की कारखान्यात कोणाला तिचे नवल उरले नव्हते. खुद्द त्या दोघांच्याही मनात ते मशीन उलटे आहे असे कधी येत नसे. ते काकूंचे होते, बस.

लिलाव पुकारला होता अवसायकाने. बुडालेल्या कंपनीचे जे काही शिल्लक असेल ते विकून घेणेकऱ्यांत वाटणाऱ्या अधिकाऱ्याला कायदा या भारदस्त नावाने ओळखतो. गिधाडेही हेच काम करतात. फक्त त्यांना मानधन नसते, आणि ती जेवताना पाहुण्यांकडून नम्र वर्तनाची अपेक्षा करीत नाहीत.

लिलावाच्या आधी सगळ्या कामकरणी काकूंच्या खोलीत जमल्या. काजे करणारी बटणवाली, बाह्या जोडणाऱ्या मावशी, आणखी चारपाच जणी. ठराव साधा होता. प्रत्येकीने आपले मशीन घ्यायचे, दुसरीच्या मशीनवर बोली लावायची नाही. आणि बाहेरच्या व्यापाऱ्याला मोह पडू नये म्हणून प्रत्येकीने आपल्या मशीनची चारचौघांत यथेच्छ बदनामी करायची. याला कायद्यात कट म्हणतात. हेच मोठ्या कंपन्यांनी बंद खोलीत, गुबगुबीत खुर्च्यांवर बसून केले म्हणजे त्याला बाजारातले सामंजस्य म्हणतात. इथे खुर्च्या नव्हत्या. बायका शर्टांच्या गाठोड्यांवर बसल्या होत्या.

"माझ्या मशीनला मी उचकी लागते म्हणून सांगणार," बटणवाली म्हणाली. "एक काज झालं की हिक, दुसरं झालं की हिक."

"अगं, पटेल असं काहीतरी सांग."

"मावशी, माझ्या सासूला पटतं. लिलाववाल्याचं काय घेऊन बसलात?"

कोपऱ्यात मिस्त्री हे सगळे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर अशा बापाचे भाव होते, ज्याच्या मुलींची लग्ने मोडण्यासाठी घरातल्याच बायका त्यांना वेड्या ठरवीत आहेत.

"उचकी?" तो म्हणाला. "त्या मशीनला? फाटकाला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी मी त्याचं—"

"अरे, तू गप्प," वन्सं म्हणाल्या. "तू लिलावात एक अक्षर बोलायचं नाहीस. दाराशी उभं राहायचं आणि चला आता."

"मी कुठे बोलतो ताई?"

"भोपळा!"

"भोपळा चांगलाच होता."

वन्संनी कपाळाला हात लावला आणि पिशवीत हात घातला. "हे बघ. तोंडात गोळी असली की माणसाला बोलता येत नाही. एक विरघळली की दुसरी टाकायची. कळलं?"

लिलावाच्या दिवशी कारखान्याचे फाटक उघडले तेव्हा आत धूळ होती, पण मशीनच्या रांगा जशाच्या तशा उभ्या होत्या, आणि काकूंच्या मशीनवर त्यांनी अर्धवट सोडलेली एक कॉलरही तशीच होती. पुकारणारा खोक्यावर चढला आणि त्याने नियम सांगितले: माल जसा आहे तसा; बघायचे ते आधी बघून घ्या; हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येईल, हातोडा पडल्यावर रडायला बाहेर अंगण आहे.

गर्दीत धोक्याचा माणूस एकच होता: जुन्या यंत्रांचा व्यापारी. गरगरीत, हसतमुख, गळ्यात रुंद टाय, बाहेर त्याचा ट्रक उभा. तो मुख्यतः इस्त्रीची मेजे आणि कापड कापायची यंत्रे घ्यायला आला होता; शिलाई मशीन त्या वर्षी गल्लोगल्ली धूळ खात होती. त्याचा एक नेम प्रसिद्ध होता. घ्यायचे मनात आले, तर तो कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवीत नसे. स्वतः बसून, स्वतःच्या पायाने चालवून बघे.

"याची टाय बघितलीस?" बटणवाली कुजबुजली.

"टाय नाही गं, कॉलर बघ," काकू म्हणाल्या. त्यांची नजर दुसरीकडे जातच नसे. "दशा लोंबतायत. टाय झाकायला घातलीय."

मशीनचा लिलाव सुरू झाला. बटणवालीच्या मशीनला उचकी लागली. मावशींचे मशीन बाही जोडता जोडता डावीकडे सरकते आणि शेवटी भिंतीला बाही जोडते, असे निघाले. एका मशीनला कुबट वास होता. एकाने म्हणे दोन कामकरणींची लग्ने मोडली होती. पुकारणारा जांभया देऊ लागला. व्यापाऱ्याने हातातल्या कागदाचा पंखा केला. आणि एकेक मशीन भंगाराच्या भावात आपापल्या मालकिणीकडे जाऊ लागले.

दाराशी मिस्त्री उभा होता. प्रत्येक बदनामीला त्याच्या गालातली गोळी डावीकडून उजवीकडे जाई. जी यंत्रे त्याने लेकरासारखी सांभाळली, त्यांची ही विटंबना तो छताकडे पाहून गिळत होता. पण गोळ्या फुटक्या होत्या. अख्खी गोळी जितकी पुरते तितका फुटका तुकडा पुरत नाही, हा हिशेब वन्संसारख्या वन्संच्याही ध्यानात आला नव्हता. स्वस्ताईची ही एक बाजू वन्संना त्या दिवशी कळली.

काकूंचे मशीन खिडकीकडच्या टोकाला, म्हणून ते शेवटी आले. काकूंनी पदर सावरला आणि ठरल्याप्रमाणे सुरुवात केली.

"हे दोरा खातं हो. तेल ओकतं. टाका मोठा लावला की लहान घालतं आणि लहान लावला की रुसतं. मी आपलं घेते, घरात कपडे वाळत घालायला काहीतरी हवं म्हणून."

"तीनशे," काकूंनीच बोली लावली.

"तीनशे," पुकारणारा कंटाळून म्हणाला. "मशीन जुने, गंजके, देखभाल न झालेले. तीनशे एक वार..."

व्यापारी हसला. "देखभाल कसली? इथल्या मिस्त्रीला तेलाचा वास तरी माहीत होता का?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यात दाराकडून कडकन आवाज आला. मिस्त्रीने गोळी फोडली होती.

"संपलं," वन्सं पुटपुटल्या. त्यांनी पिशवीत हात घातला. तळाशी फक्त साखरेचा चुरा होता.

मिस्त्री गर्दीतून चालत आला. "गंजकं?" त्याने मशीनचे चाक एका बोटाने फिरवले, ते आवाज न करता फिरत राहिले. "कुठे गंज आहे, दाखवा. देखभाल नाही? मी सुटीच्या दिवशी येऊन याला तेल दिलंय. दोरा खातं? हे?" तो स्टुलावर बसला, बटण दाबले, काकूंची अर्धवट कॉलर सुईखाली सरकवली, सवयीने टाच टेकवली, आणि मशीन एखाद्या मांजरासारखे गुरगुरत सरळ रेषेत निघाले. कॉलरच्या टोकाशी वळले, दुसऱ्या बाजूने परत आले. मिस्त्रीने कॉलर उचलून सगळ्यांना दाखवली. टाके रांगेत उभे होते.

"याला म्हणायचं देखभाल," तो म्हणाला. मग त्याने बायकोकडे पाहिले आणि त्याचा हात हळूहळू खाली आला.

"अहो," काकू फक्त एवढेच म्हणाल्या.

"पाचशे," व्यापारी म्हणाला. पंखा केलेला कागद त्याने खिशात घातला होता.

"सहाशे," काकू म्हणाल्या.

"आठशे."

काकूंनी पदरातली पुरचुंडी चाचपली. कॉलरींवर जमलेले सगळे तिच्यात होते. "हजार," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून साऱ्या कारखान्याला कळले की यापुढे बोलायला त्यांच्याजवळ काही नाही. व्यापाऱ्यालाही कळले.

"अकराशे," तो दिलदारपणे म्हणाला.

"अकराशे एक वार," पुकारणारा आता ताठ उभा होता. "अकराशे दोन वार..."

"थांबा," व्यापारी म्हणाला. "चालवून बघतो. माझा नेम आहे." आणि मिस्त्रीला उठवून तो स्टुलावर बसला. स्टुलाने कुरकुर केली. कॉलर सुईखाली ठेवून, टाके जवळून बघण्यासाठी तो वाकला आणि त्याने चवडा दाबला.

काहीच झाले नाही.

"मोटार चालू आहे ना?"

"आहे," मिस्त्री म्हणाला.

व्यापाऱ्याने जोर लावला. मग आणखी जोर लावला. त्याचा चेहरा लाल झाला. मशीन बैलासारखे जागच्या जागी ठाम.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बटणवाली कोणाकडेही न बघता म्हणाली.

"आत्ता तर चाललं होतं!" असे म्हणत व्यापाऱ्याने पाय सैल सोडला. दमलेला पाय मागे रेलला, आणि टाच पायट्यावर सगळ्या वजनानिशी आदळली.

मशीन उधळले. गुरगुर नव्हे, आता गर्जना होती. व्यापारी घाबरला, आणि घाबरलेला माणूस थांबवण्यासाठी जे करतो ते त्याने केले: पाय मागे रोवला. मशीन दुप्पट पळाले. कॉलर संपली, आणि पुढे काय खायचे हे पाहताना त्याला वाकलेल्या माणसाच्या गळ्यातून लोंबणारे रुंद कापड सापडले. मिस्त्रीने झेप घेऊन बटण बंद केले तोवर टाय कॉलरला पक्की जोडली गेली होती. गळ्याशी टाय आणि टायच्या टोकाला कॉलर, असा व्यापारी सुईशी नाक भिडवून बसला होता.

मावशींनी वाकून टाके पाहिले. मग त्या म्हणाल्या, "शिवण मात्र सरळ आलीय हं."

त्यानंतर जे हसू फुटले त्यात अवसायकसुद्धा सामील झाला, आणि नंतर त्याने ते कागदांमागे लपवले.

काकू पुढे झाल्या. त्यांनी सुई वर घेतली, दोरा कापला, आणि व्यापाऱ्याला कॉलरसकट मोकळे केले. "बसा असेच. उसवून देते."

"आधी बोली की आधी टाय?" बटणवालीने विचारले.

"गप गं. उसवायचे मी पैसे नाही घेत."

व्यापारी भानावर येत होता. तो धंदेवाला होता. फजिती त्याने पटकन खर्ची टाकली आणि नजर मिस्त्रीकडे वळवली. "याला झालंय काय?"

वन्संनी डोळे मिटून घेतले.

"झालं काही नाही," मिस्त्री म्हणाला. "असंच आहे ते. टाचेवर पळतं, चवड्यावर थांबतं. मीच केलंय."

"का?"

मिस्त्रीने काकूंच्या पायाकडे बोट दाखवले. त्याच्या मते एवढे स्पष्टीकरण पुरेसे होते.

"हं. मग सरळ करता येईल?"

आता सगळा कारखाना मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहू लागला. ज्याने भोपळ्याबद्दल खरे सांगितले, तो स्वतःच्या हाताच्या कामाबद्दल खोटे सांगणार नव्हता, हे प्रत्येकीला माहीत होते. काकूंनी उसवण्याचे काम थांबवले.

"येईल की," मिस्त्री म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे."

कोणीतरी सुस्कारा सोडला.

"पण मी करणार नाही."

"पैसे देईन."

"नका देऊ. मी करणार नाही."

"दुसरा मिस्त्री आणीन."

"आणा. तो मेजाखाली जाईल, सळई बघेल, आणि ती का उलटी आहे ते त्याला कळणार नाही. मग तो मोटार उघडेल." मिस्त्रीने मोटारीवर हात ठेवला. "मोटार मात्र उघडू देऊ नका. चांगली आहे हो ती."

व्यापाऱ्याने मशीनकडे पाहिले, ट्रकमध्ये चढायची वाट पाहणाऱ्या आपल्या इस्त्रीच्या मेजांकडे पाहिले, आणि हे मशीन ज्याला विकावे ते गिऱ्हाईक दुकानात बसून चवडा दाबील तेव्हा काय होईल याचे चित्र त्याने मनाशी पाहिले. त्याचा हात नकळत टायकडे गेला.

"माझी बोली मागे," तो म्हणाला.

"आधीची बोली बाईंची," पुकारणारा म्हणाला. "हजार एक वार. हजार दोन वार." आणि हातोडा पडला.

काकूंनी पुरचुंडी सोडली. तीनशेत मिळणारी वस्तू हजाराला मिळाली होती.

"परत भोपळा!" वन्सं म्हणाल्या. पण त्यांना पुढे बोलता येईना, कारण त्या हसत होत्या.

घरी न्यायला हातगाडीचे पैसे उरले नव्हते, म्हणून बाकीच्या जणींनी मिळून ठरवलेल्या गाडीवर काकूंचे मशीन सर्वांत आधी चढले. बायका पुढून ओढीत होत्या, मिस्त्री मागून लोटीत होता, आणि वन्सं पुढे चालत वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची लायकी काढीत होत्या. भाजीबाजारापाशी गाडी अडकली तेव्हा त्याच भाजीवालीने स्वतः येऊन खांदा लावला. "दादांचं सामान आहे होय?" ती म्हणाली. "मग खरं असणार."

टबातले शर्ट आठवड्याच्या आत संपले. शिंप्याच्या पाटीवर आता 'रफू' लिहिले होते.

आणि एका दुपारी दारात व्यापारी उभा राहिला. टाय नव्हती. काखेत शर्टांचे गाठोडे होते.

"किती घेणार एका कॉलरला?" त्याने विचारले.

काकूंनी भाव सांगितला. व्यापाऱ्याने लगेच तोंड वाकडे केले. सवय माणसाला सोडत नाही. "फार होतात. तो शिंपी निम्म्यात करायचा." मग त्याची नजर खिडकीशी तेलाची झारी घेऊन बसलेल्या मिस्त्रीवर पडली, आणि त्याच्या डोळ्यांत तीच चमक आली जी कधीकाळी भाजीवालीच्या डोळ्यांत आली होती. "मिस्त्री, तुम्ही सांगा. तुम्हाला खोटं येत नाही. बाईंचं काम एवढ्या भावाचं आहे का?"

वन्संचा हात पिशवीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

मिस्त्री उठला. त्याने एक शर्ट उचलला, उजेडात धरला, कॉलरवरून बोट फिरवले. "काम एक नंबर आहे हिचं," तो म्हणाला. "भाव कमी सांगितलाय तिने. आणि खिसेही गेलेत तुमचे, दोन्ही बाजूंनी. तेही करून घ्या, नाहीतर कॉलर राहील आणि शर्ट जाईल."

व्यापाऱ्याने मान हलवली, गाठोडे खाली ठेवले, आणि खिशांचेही मान्य केले.

काकू टाच टेकवून बसल्या आणि मशीन गुरगुरू लागले. वन्संनी पिशवीच्या तळातून एक कागदी पुडी काढली, उलगडली, आणि तिच्यातली एकुलती एक गोळी भावाच्या हातावर ठेवली. ती अख्खी होती.